भात्यावरचा डावा हात

बीड जिल्ह्यातील तरुणाला पियानो परका असला, तरी त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी परकी नसते. दोन आणि तीन यांच्या गटांनी बसवलेल्या काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या पुढे सलग पसरलेल्या पांढऱ्या पट्ट्या त्याने लहानपणापासून हार्मोनियमवर, म्हणजे बोलीत जिला सर्रास पेटी म्हणतात त्या वाद्यावर, पाहिलेल्या असतात. आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत जेथे भजनी मंडळ आहे तेथे पेटी आहे, आणि काकडा असो, हरिपाठ असो की सप्ताहातील कीर्तन असो, टाळ-मृदंगाच्या जोडीला तिचाच सूर धरला जातो. विशी-पंचविशीत पदवी हाती आल्यावर किंवा पहिली नोकरी लागल्यावर एखादी तरुणी अथवा तरुण पियानोचा गांभीर्याने अभ्यास करण्याचे ठरवतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो वयाचा. हा प्रश्न अप्रस्तुत नाही. परंतु या प्रदेशातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याहून मोठा प्रश्न डाव्या हाताचा आहे, कारण पेटीने त्याच्या कानाला आणि उजव्या हाताच्या बोटांना पुष्कळ काही शिकवलेले असते, तर डाव्या हाताला तिने फक्त भाता हलवायला शिकवलेले असते.

असे का झाले, हे पेटीच्या इतिहासावरून कळते. पॅरिसमधील कारागीर अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले, तेव्हा ते वाद्य टेबलासारखे उभे होते आणि त्याचा भाता पायांनी चालवला जात असे, म्हणजे वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहत. भारतात बैठक जमिनीवरची असल्याने पायांनी भाता चालवणे गैरसोयीचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी भाता मागच्या बाजूला घेऊन हाताने चालवण्याची पेटी रूढ केली, आणि ती स्वस्त, सुटसुटीत व बैलगाडीतूनही नेण्याजोगी असल्यामुळे देशभर पसरली. मराठी संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन दीर्घकाळ टिकवून धरले. तथापि गावात पोहोचली ती हातपेटीच. एका स्वराला एक स्वर जोडत जाणाऱ्या आपल्या संगीताला एक हात पुरेसा होता, म्हणून ही तडजोड कोणाला तडजोड वाटली नाही. उलट त्या एका हातातून गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि मराठवाड्याच्या मातीतले, जालन्याकडचे अप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांनी साथीची पेटी इतकी बोलकी केली की गायकाच्या श्वासाचाही तीत विचार दिसे. १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली, तरी भजनी मंडळांनी तिची साथ सोडली नाही. या वारशाची थोरवी मान्य करूनच पुढचे विवेचन करावे लागते, कारण पियानोकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने पेटीला कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त तिच्यावरची कोणती सवय बरोबर न्यायची आणि कोणती मागे ठेवायची, हे त्याने ओळखले पाहिजे.

पट्ट्या सारख्या दिसत असल्या तरी त्यांच्या मागे घडणारी गोष्ट दोन वाद्यांत सर्वस्वी वेगळी आहे. पेटीत पट्टी दाबली की एक छिद्र उघडते, भात्यातली हवा पितळेच्या पातळ जिभेवरून, म्हणजे रीडवरून, वाहते आणि पट्टी दाबून धरलेली असेपर्यंत सूर वाजत राहतो. पट्टी हलके दाबली काय किंवा जोराने दाबली काय, सुराच्या मोठेपणात फरक पडत नाही, तो फरक भात्याच्या दाबाने पडतो. पियानोत पट्टी ही तरफ असते. ती खाली गेली की लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याने मढवलेला लहानसा हातोडा उसळून तारेवर आदळतो आणि तत्काळ मागे येतो. हातोडा तारेला चिकटून न राहता सुटून यावा यासाठीची युक्ती फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास साधली, आणि तीच या वाद्याचा प्राण ठरली. त्याने बनवलेल्या पियानोंपैकी १७२० चा एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही पाहता येतो. या रचनेचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे हातोड्याचा वेग बोटाच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक स्वर कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत हवा तसा काढता येतो, किंबहुना पियानो हे नावच ‘मंद’ आणि ‘मोठा’ या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांच्या जोडीतून उरलेले आहे. दुसरा परिणाम असा की स्वर उमटला त्या क्षणापासून विझू लागतो, आणि एकदा उमटलेला स्वर वाढवण्याचा कोणताही उपाय वादकाच्या हाती राहत नाही.

पेटीवर वाढलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण येथेच येते. त्याची बोटे पट्टीवर रेलून सूर धरायला शिकलेली असतात. पियानोवर तेच केले तर आवाज बोजड आणि सगळा एकाच जोराचा निघतो, शिवाय मनगट आवळले जाते. पियानोवर बोटाने पट्टीत जाणे, हाताचे वजन तिच्या तळापर्यंत सोडणे आणि लगेच मनगट सैल करणे या तीन क्रिया एकामागून एक इतक्या सहज व्हाव्या लागतात की त्या वेगळ्या जाणवू नयेत. बसण्याची उंचीही बदलते: पेटीसमोर मांडी घालून बसलेला वादक हात किंचित वरून टाकतो, तर पियानोच्या बाकावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला आणि पाय जमिनीवर टेकलेले असावे लागतात. स्वर लांबवण्याचे जे काम पेटीवर हवा करते, ते पियानोवर उजव्या पायाखालच्या पेडलने अंशतः होते, कारण तो दाबला की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात आणि तारा मोकळ्या घुमत राहतात. मात्र स्वरसंगती बदलली की पेडल सोडून पुन्हा घ्यावा लागतो, नाहीतर आधीचा सूर नंतरच्यात मिसळून गढूळ होतो. हा पाय शिकवायला घाई करू नये, असे बहुतेक अनुभवी शिक्षकांचे मत असते आणि ते योग्य आहे, कारण पेडल बोटांतला तुटकपणा झाकतो आणि झाकलेला दोष सुधारत नाही.

आता डाव्या हाताकडे यावे. पियानोवर सामान्यतः उजवा हात चाल सांगतो आणि डावा हात तिच्या खालची जमीन तयार करतो: कधी एकच खर्जाचा स्वर, कधी तीन स्वरांचा एकत्रित उच्चार, ज्याला कॉर्ड म्हणतात, तर कधी उजव्या हाताइतकीच स्वतंत्र दुसरी चाल. ज्या हाताने दहा-पंधरा वर्षे भाता एकाच लयीत मागेपुढे केला, त्याला अकस्मात पाच बोटांचे स्वतंत्र काम दिले की विद्यार्थ्याला आपण मंदबुद्धी आहोत असे वाटू लागते. वस्तुतः ती बुद्धीची उणीव नसते, त्या हाताला कोणी कधी विचारलेच नव्हते एवढेच. यावर उपाय सांगायचा तर तो हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक याच्या ‘मिक्रोकॉस्मोस’मध्ये सापडतो. १९२६ ते १९३९ या काळात रचलेल्या या १५३ तुकड्यांच्या सहा भागांत आरंभीच्या धड्यांत दोन्ही हात वेगवेगळ्या सप्तकांत एकच चाल वाजवतात, बोटे पाच पट्ट्यांच्या बाहेर जात नाहीत, आणि दोन हातांनी वेगळे बोलायला फार हळूहळू सुरुवात होते. बार्तोकने आपल्या देशातील खेड्यापाड्यांतील लोकगीते गोळा केली होती आणि त्याच्या चालींत पंचस्वरी सप्तक वारंवार येते, त्यामुळे भूप रागाच्या सवयीचा कान असलेल्या विद्यार्थ्याला हे धडे युरोपातील इतर आरंभीच्या पुस्तकांपेक्षा लवकर ओळखीचे वाटतात. पहिले सहा महिने डाव्या हाताला दररोज आधी वाजवू द्यावे, म्हणजे मन ताजे असते तेव्हा सगळ्यात अडाणी हाताला शिकायला मिळते. दमल्यावर उरलेला वेळ उजव्या हाताला दिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

वयाचा प्रश्न आता घेता येतो. लहानपणी सुरू केल्याने काही गोष्टी मिळतात आणि त्या पुढे मिळणे दुर्घट असते, हे संशोधनाने दाखवले आहे. त्यातली ठळक गोष्ट म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे कोणत्याही आधाराशिवाय कानावर पडलेला सूर कोणत्या पट्टीचा आहे हे ओळखण्याची शक्ती, जी बहुधा बालपणीच रुजते. परंतु आपल्या संगीताचा सारा व्यवहार सापेक्ष स्वरज्ञानावर चालतो: षड्ज कोठेही ठेवला तरी त्याच्या नात्याने बाकीचे स्वर ओळखले जातात, आणि गायकाला त्याची पट्टी विचारली की तो काळी एक किंवा पांढरी चार असे सांगतो. या मराठी पद्धतीत पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, आणि असे करत सातव्या पांढरीपाशी बी येतो. जो तरुण भजनात गायकाच्या गळ्यानुसार एकाच अभंगाची चाल आज काळी एकमध्ये आणि उद्या पांढरी तीनमध्ये धरत आला आहे, त्याने षड्ज हलवण्याची कला, जिला पाश्चात्त्य संगीतात ट्रान्स्पोझिशन म्हणतात आणि जी तिकडच्या अनेक मुलांना कंटाळवाणी वाटते, ती न कळत आत्मसात केलेली असते. विशीत आरंभ करणाऱ्याच्या हातातले हे भांडवल लहान नाही.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे दहा हजार तास एकट्याने केलेला रियाज साठवला होता असे आढळले. पुढे लोकांनी त्याचा दहा हजार तासांचा नियमच करून टाकला. मूळ अभ्यासात मात्र तासांच्या संख्येइतकीच त्यांची जात महत्त्वाची होती, कारण तो रियाज ठरावीक उणिवेवर लक्ष ठेवून, थकवा येण्याआधी थांबून आणि मध्ये विश्रांती घेऊन केलेला होता. मैफलीतला व्यावसायिक एकलवादक होणे हे ध्येय असेल तर पंचविसाव्या वर्षी प्रथमच पट्टीला हात लावणाऱ्याने ते धरू नये, हे प्रामाणिकपणे सांगावे लागते. इग्नास पाडरेव्स्की १८८४ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, व्हिएन्नाला लेशेटिट्स्की या गुरूकडे गेला आणि पुढे जगविख्यात झाला, १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधानही झाला, हे उदाहरण उत्साहाच्या भरात सांगितले जाते. पण तो आधीच वॉर्सात शिकलेला आणि शिकवणाराही होता, ही गोष्ट त्यासोबत सांगितली जात नाही. स्वतःच्या आनंदासाठी बाखचे सोपे नृत्यतुकडे, शूमनची छोटी चित्रे आणि आपल्या आवडीच्या चाली स्वच्छ, भावपूर्ण वाजवता येणे हे ध्येय असेल, तर रोज तासभर देणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला ते तीन-चार वर्षांत दिसू लागते, आणि हे ध्येय दुय्यम आहे असे मानण्याचे कारण नाही.

रॉबर्ट शूमन याचे चरित्र या वयाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे, कारण त्यात इशारा आहे. १८३० साली, विसाव्या वर्षी, कायद्याचे शिक्षण सोडून तो लाइप्झिगला फ्रीड्रिख वीक याच्याकडे पूर्णवेळ पियानो शिकायला गेला, आणि दोनच वर्षांच्या आसपास उजव्या हाताच्या बोटात असा दोष निर्माण झाला की वादक होण्याचे स्वप्न सोडावे लागले. बोट मजबूत करण्याच्या यांत्रिक उपायाने हे झाले की अन्य कारणाने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण घाई त्याच्या वाट्याला होती हे निश्चित. प्रौढ माणसाची समज त्याच्या स्नायूंच्या पुढे धावते, एखादा तुकडा कळला की तो लगेच हाताने यावा असे त्याला वाटते, आणि जे लहान मूल कंटाळून सोडून देते ते तो जिद्दीने दुखत्या मनगटावर तीन-तीन तास घोटत बसतो. वेदना ही रियाजाची खूण मानण्याची आपल्याकडची सवय पियानोच्या बाबतीत घातक आहे. मनगटात किंवा कोपराच्या खाली दुखू लागले की त्या दिवशी वाद्य बंद करावे आणि दुखणे परत परत आले तर शिक्षकाला व वैद्याला दाखवावे. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका सलग तासापेक्षा बरेचदा अधिक फळ देतात, कारण शिकलेली हालचाल मधल्या विश्रांतीत आणि विशेषतः झोपेत पक्की होत असते. अवघड जागा चार-पाच वेळा इतक्या सावकाश वाजवावी की चूक होण्याला वावच राहू नये, कारण हात चूक आणि बरोबर यांत भेद करत नाही, जे पुन्हा पुन्हा केले तेच तो शिकतो.

लेखनपद्धतीचा अडथळा वाटतो तेवढा मोठा नाही. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपीत स्वरांची नावे लिहिली जातात आणि कोमल-तीव्राच्या खुणा त्यांना जोडल्या जातात. पाश्चात्त्य लिपीत स्वराचे नाव लिहिले जात नाही, पाच आडव्या रेषांवरची त्याची उंची दाखवली जाते आणि बिंदूच्या आकारावरून तो किती मात्रा टिकतो ते कळते. वरच्या पाच रेषा बहुधा उजव्या हाताच्या, खालच्या पाच डाव्या हाताच्या, आणि दोघांच्या मधल्या लहानशा रेषेवर मधला सी, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, असतो. दररोज दहा मिनिटे नवे, अगदी सोपे पान न थांबता वाचले तर वर्षाअखेर डोळा वाचू लागतो. ऐकून पाठ करण्याची शक्ती भजनातून आलेला विद्यार्थी भरपूर घेऊन येतो, आणि तीच त्याला फसवते: दोनदा ऐकले की चाल येते, कागद बाजूला पडतो आणि डावा हात पुन्हा अंदाजाने चालू लागतो. म्हणून या विद्यार्थ्याने पहिली दोन वर्षे कागद समोरून हलवू नये.

वाद्य कोणते घ्यावे याचे उत्तर बीडच्या हवेत दडलेले आहे. खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या, दोनशेहून अधिक तारा आणि त्यांचा अनेक टनांचा ताण पेलणारी बिडाची चौकट असते. त्याचा नादफलक स्प्रूस लाकडाचा असतो आणि दमट हवेत तो फुगून सूर चढतो, कोरड्या हवेत आकसून उतरतो. पर्जन्यछायेतील, उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आणि पावसाळ्यात अचानक ओलावणाऱ्या या जिल्ह्यात असे वाद्य वर्षातून दोन-तीनदा मिळवून घ्यावे लागेल आणि ते मिळवणारा कारागीर पुण्या-मुंबईहून बोलवावा लागेल. त्यामुळे ८८ पूर्ण आकाराच्या आणि हातोड्याचे वजन जाणवणाऱ्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो हा आरंभाला शहाणपणाचा पर्याय ठरतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसणारा हलक्या पट्ट्यांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड मात्र घेऊ नये, कारण त्यावर बोटाला वजन कळत नाही. वाद्याची किंमत अनेक घरांना परवडणारी नाही, आणि ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला तर ते घेण्याची शक्यताच नसते. तालुक्याच्या एखाद्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात असा एक पियानो कुलपाबाहेर, सर्वांसाठी ठेवला गेला तर किती हात त्यावर येतील, याचा विचार संबंधितांनी करावा, अशी कळकळीची अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.

शिक्षक जवळ नसणे ही दुसरी उणीव. महिन्यातून एक-दोनदा पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला प्रत्यक्ष जाऊन आणि मधल्या काळात इंटरनेटवरून शिकणे आता शक्य आहे, पण हाताची बैठक सुरुवातीला समोर बसलेल्या माणसानेच पाहिली पाहिजे. परीक्षांची शिस्त हवी असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा एबीआरएसएमच्या आठ श्रेणींच्या परीक्षा वयाच्या अटीविना देता येतात, आणि २०२० पासून ध्वनिचित्रमुद्रण पाठवूनही त्या देण्याची सोय झाली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या पायऱ्या चढलेल्यांना ही रचना परिचित वाटेल.

राहता राहिला आपल्या चालींचा प्रश्न, आणि विद्यार्थ्याचे मन खरे तेथेच गुंतलेले असते. पियानोच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, एका अर्धस्वराच्या साधारण सातव्या भागाने; मींड तर येथे निघतच नाही. याहून नाजूक अडचण डाव्या हाताची आहे. भूपाच्या चालीला सा-ग-प ही कॉर्ड बेमालूम बसते, पण सवयीने तिच्या पाठोपाठ प-नि-रे घेतली की रागात नसलेला निषाद आत शिरतो आणि कान असलेल्या माणसाला तो तत्क्षणी टोचतो. म्हणून आरंभी डाव्या हाताने केवळ सा आणि प, तेही खर्जात, विरळ आणि तंबोऱ्याच्या घुमाऱ्यासारखे वाजवावेत; मग हळूहळू चालीतलेच स्वर उलट्या क्रमाने किंवा मागून येत डाव्या हाताला द्यावेत, म्हणजे दोन हात एकमेकांशी बोलू लागतात आणि रागाबाहेरचे काही आणावे लागत नाही. मंडळात पाठ झालेला एखादा अभंग निवडून तो असा काळी एकमध्ये बसवावा, दुसऱ्या आठवड्यात पांढरी दोनमध्ये न्यावा, तिसऱ्यात काळी दोनमध्ये, आणि प्रत्येक वेळी सुरुवात उजव्या हाताने न करता डाव्याने करावी.